खुलासा समाधानकारक नाही

माण, ता. मुळशी
६ ऑक्टोबर २०२५

मिल्का,

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. खोलीची किल्ली माझ्या सुनेच्या, पिंकीच्या हातात ठेवून, रिक्षा दारात उभी करून, "शारदाबाईंना सांग" एवढं बोलून तू ठाण्याला गेलीस, त्याला आज तीन आठवडे झाले. मी घरातच होते. माझ्या दारावरूनच गेलीस. आत डोकावली असतीस तर काही पाय झिजले नसते. एकतीस वर्षं आपण एका शाळेत काढली, त्यातली चौदा वर्षं मी मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्यावर सहा वर्षं तू माझ्याच घरात वरच्या खोलीत राहिलीस. आणि तू गेलीस हे मला पिंकीकडून कळावं?  ऐकता ऐकता गॅसवरचं दूध उतू गेलं.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, उत्तर देत नाहीस. म्हणून तुझ्या चुलतभावाच्या पत्त्यावर हे पत्र.

माझ्या बारा ऑगस्टच्या चिठ्ठीचा राग आला असेल तर तसं स्पष्ट सांग. मी ती चिठ्ठी मनात दहादा वाचून पाहिली, मला तिच्यात वावगं काही दिसत नाही. गाझातल्या उपाशी मुलांसाठी आपण वाचनालयात निषेध सभा घेतली. तू आलीस, तिसऱ्या ओळीत बसलीस, मेणबत्ती लावलीस. बोलणाऱ्यांत पहिलं नाव तुझं पुकारलं, तेव्हा मात्र तू उठली नाहीस. मान खाली घालून बसलीस. मग कुजबुज सुरू झाली. "बाई ज्यू, म्हणजे त्यांच्यातल्याच ना? मग गप का?" अध्यक्ष मी. चार माणसं चार प्रश्न मलाच विचारणार. म्हणून तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा, असं तुला कळवलं. शाळेत उशिरा येणाऱ्या शिक्षकाकडून घ्यायचो तसाच. दोन ओळी लिहायच्या, कागद फायलीला लागतो, तोंडं बंद होतात. तुझ्याच भल्यासाठी केलं होतं.

दोन ओळी तुझ्याच्याने लिहवल्या नाहीत. महिनाभर समोरून गेलीस-आलीस, पण कागद काही दिला नाहीस आणि मग घर सोडून गेलीस. माझ्याशी असं कोणी वागलेलं नाही.

शारदा


माण
१५ ऑक्टोबर २०२५

मिल्का,

परवा रिहे गावाहून माझा भाचा इंद्रजित आला होता. फराळाचं द्यायला म्हणून आला आणि चहाचा कप हातात घेऊन मला म्हणतो, "आत्या, तुझ्यामुळं बाई गेल्या. तू ज्यूद्वेष्टी हायेस."

मिल्का, या वयात, माझ्याच घरात, ज्याला मी पाटीवर हात धरून अक्षरं गिरवायला लावली त्याच्या तोंडून हे ऐकायचं. मी म्हटलं, "अरे, मी सरकारवर बोलले. माणसांवर नाही." तर म्हणतो, "त्यांच्या सरकारवर बोलनं म्हंजे त्यांच्यावरच बोलनं." मी विचारलं, मग आपल्या सरकारवर कोणी बोललं तर? "तो देशद्रोही," म्हणाला. त्याचं सगळं असं सोपं असतं.

हा तोच इंद्रजित. दोन वर्षांपूर्वी तिकडे युद्ध पेटलं तेव्हा तुझ्या खोलीत पेढ्यांचा पुडा घेऊन गेला होता. "बाई, आता तुमची लोकं दाखवत्यात बगा त्यांना." मी जिन्यात उभी होते, मला हसूच आलं होतं. तू दार लोटून घेतलंस, तेही आठवतं.

त्याला मी घालवून दिलं, पण तो शब्द घरात राहिला. रात्रंदिवस तोच डोक्यात. मी ज्यूद्वेष्टी? तुझ्या घरी नवसाचा मलिदा असला की पोहे आमच्याच आंबेमोहोराचे यायचे. ताटात नारळ-खजूर मी तुझ्या शेजारी बसून रचलेत. तुला माहीत आहे मी कशी आहे.

आता एक खरं सांगते. सभेच्या आधी वाचनालयातल्या किशोरने मला विचारलं होतं, "बाई, आपल्या हितल्या रस्त्यावर, पान्यावर एक सभा घेऊ की. टँकरला चार दिवस लागत्यात." मी नको म्हटलं. वाचनालयात स्थानिक राजकारणावर चर्चा करू नये, असा फलक आहे. तो माझ्याच अक्षरात आहे. दूरच्या सरकारवर बोललं तर ते आपलं पाणी तोडत नाही, हे मला चांगलं कळतं. पण म्हणून गाझातली मुलं खोटी ठरतात का? तूच सांग.

पत्राचं उत्तर दे. रागाचं दे, पण दे.

शारदा


माण
२७ ऑक्टोबर २०२५

मिल्का,

अक्षर लागलं नाही तर सावकाश वाच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज वाचनालय उघडलं. तपासणीला कोणी येणार म्हणून किशोरने आवक-जावकची फाइल माझ्यासमोर आणून ठेवली. मी पानं उलटत होते. चौदा ऑगस्टच्या तारखेला तुझं अक्षर दिसलं. ते तिरकं, ठसठशीत अक्षर मी हजार निकालपत्रकांवर पाहिलंय.

तू खुलासा दिला होतास. तिसऱ्या दिवशी. आवक क्रमांक एकसष्ट.

मी तो किशोरच्या टेबलाजवळ उभ्यानेच वाचला. मग बसले. मग पुन्हा वाचला. तुझंच लिहिलेलं तुला परत पाठवण्यात अर्थ नाही, पण माझ्या हाताने उतरवून काढल्याशिवाय मला ते खरं वाटणार नाही. म्हणून उतरवते.

"महोदया,

आपल्या दि. १२ ऑगस्टच्या पत्रास अनुसरून खुलासा सादर करते की, माझा जन्म माणगावचा. आईवडील, आजीआजोबा कोकणातले. आमचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असे, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. इस्राएलला मी एकदाच गेले, २०११ साली, एकवीस दिवस. रजेच्या अर्जावर आपलीच सही आहे. तिथल्या सरकारला मी कधी मत दिलेलं नाही आणि तेही माझं मत विचारत नाही.

ते सरकार चुकतं आहे. मुलांना उपाशी ठेवणारं कुठलंही सरकार चुकतंच. हे मी सभेच्या कितीतरी आधी आपल्याशी जिन्यात बोलले होते, आपल्याला आठवत नसेल. सभेला मी त्या मुलांसाठी आले. सभा घेणं म्हणजे आमचा द्वेष करणं, असं इंद्रजित म्हणतो. मी म्हणत नाही. मात्र मला न विचारता यादीत पहिलं नाव माझं घातलं, ते काय होतं, हे आपण ठरवावं.

माझी धाकटी बहीण हन्ना चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडे गेली. २०२३ च्या सात ऑक्टोबरला सकाळी ती तिच्या घरात मारली गेली. मला सोमवारी कळलं. त्यानंतर सात दिवस मी वरच्या खोलीत जमिनीवर बसून होते. चौथ्या दिवशी पेढे आले. त्याच दिवशी आपण पिंकीबरोबर कंबर कशी आहे असं विचारून पाठवलंत. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एकाने माझी बहीण झेंड्यासारखी मिरवली असती आणि दुसऱ्याने विचारलं असतं, 'आणि तिकडची मुलं?' मला दोन्ही ऐकायचं नव्हतं. मला फक्त रडायचं होतं.

हन्नाचा मुलगा दर शनिवारी रात्री आईचा फोटो घेऊन त्याच्या सरकारविरुद्ध चौकात उभा राहतो. तिथे त्याला देशद्रोही म्हणतात. इथे मी खुलासा देते आहे.

अन्य सभासदांकडून असाच खुलासा मागवला असल्यास त्याची एक प्रत मिळावी, म्हणजे मला नमुना कळेल."

खाली तुझी सही, मिल्का पेझारकर. आणि समासात लाल शाईने: "खुलासा समाधानकारक नाही. फेरसादर करावा." त्याच्याखाली माझी सही.

मिल्का, माझी. मी खोटं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण ती माझीच आहे.

शारदा


माण
३० ऑक्टोबर २०२५

मिल्का,

तीन दिवस जेवण जात नाही. पिंकी डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली आहे. तिला काय सांगू?

किशोरला विचारलं. त्याच्यावर ओरडायचं ठरवून गेले होते. तो बिचारा खुर्चीवरून उठून उभा राहिला. म्हणाला, "बाई, तुमीच म्हनल्या व्हत्या, गोलमोल उत्तर आलं तर शेरा मारून परत पाठवा. ह्यात निषेध करते असा शब्दच न्हवता, म्हनून मी शेरा लिवला. दहीहंडीच्या दिवशी तुमी गाडीवर बसत व्हत्या तवा कागद पुढं केलं. वाचून दाखवू का, म्हनलो. तुमी म्हनल्या, नंतर." खरं आहे. चौदा-पंधरा कागद होते. स्कूटरच्या सीटवर ठेवून मी एकामागून एक सह्या केल्या. आयुष्यभर तशाच केल्या. वर कोणाचं नाव आहे ते बघायचं आणि खाली सही ठोकायची. तुझं नाव बघितलं असेल. थांबले नाही.

शेरा मारलेली प्रत अठरा तारखेला तुला पोचली. म्हणजे त्यानंतर महिनाभर तू जिन्यात मला भेटत होतीस, पाण्याची मोटर लावू का विचारत होतीस, आणि मी मनात म्हणत होते, किती आडमुठी बाई, दोन ओळी लिहीत नाही.

आता ताटाचं सांगते. ते आठवल्यापासून माझी मलाच भीती वाटते. हन्ना गेली त्या आठवड्यात पितृपंधरवडा होता. सासऱ्यांची तिथी. खीर, वडे, अळूची भाजी, सगळं वाढून मी तुझं ताट पिंकीकडून वर पाठवलं. संध्याकाळी ताट धुऊन परत आलं, रिकामं. तू कधी रिकामं ताट पाठवत नसायचीस, चिमूटभर साखर तरी ठेवायचीसच. मला राग आला होता. मी पिंकीला म्हटलं, बाईंना रीत राहिली नाही. मी गावातली बाई, मिल्का. ज्या घरात कोणी गेलेलं असतं त्या घरातून काही बाहेर येत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक. माझ्या दारात रिकामं ताट आलं आणि मला फक्त माझा मान दिसला.

तुझ्या समोरच्या खोलीत तेव्हा मणिपूरची दोन पोरं राहायची, आयटीतली. त्यांच्याकडे दंगल झाली, घरी फोन लागेना, तेव्हा मीच वरणभात घेऊन वर गेले होते. आई सापडली का रे, म्हणून रोज विचारायचे. तुमच्या सरकारबद्दल तुमचं म्हणणं काय, हे लिहून द्या, असं माझ्या मनातही आलं नाही. मग तुझ्याच बाबतीत का आलं? हा प्रश्न मी रात्री स्वतःला विचारते आणि जे उत्तर मिळतं ते मला आवडत नाही. तुला मी माझी म्हणत होते, पण यादी करताना तुला त्यांच्यात घातलं. इंद्रजितने पेढे देताना जे केलं तेच मी मेणबत्ती देताना केलं.

आणि हा काही पहिला खुलासा नाही. आमच्या शिवारात सरकार जमीन घेणार म्हणून मोजणी करायला आले होते तेव्हा बायका बांधावर आडव्या झोपल्या, त्यांच्यात तू होतीस. तुझी एक गुंठा जमीन नव्हती. माझी होती आणि मी शाळेत खिडकी लावून बसले होते, सरकारी नोकर म्हणून. वरून आदेश आला आणि मी तुझा खुलासा घेतला. तेव्हाही तू तिसऱ्या दिवशी दिलास. त्या जमिनीच्या पैशातून बांधलेल्या खोलीत तू सहा वर्षं राहिलीस आणि एकदाही ते बोलून दाखवलं नाहीस. तू बोलून दाखवायला हवं होतंस, मिल्का. इतकं चांगलंही असू नये माणसाने. हे वाक्य खोडत नाही, पण हे म्हणण्याचाही मला हक्क नाही.

शारदा


माण
१० नोव्हेंबर २०२५

मिल्का,

काल रविवारी वाचनालयात सभा बोलावली. विषय पत्रिकेत लिहिला नाही. तीसेक माणसं आली. इंद्रजितही आला, मी बोलावलं होतं.

मी उभी राहिले आणि तुझा खुलासा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग लाल शाईतला शेरा वाचला आणि ही सही माझी आहे असं सांगितलं. बसल्यावर लक्षात आलं की हेही तुला न विचारता केलं. जे तू दोन वर्षं पोटात ठेवलंस ते मी भर सभेत बोलून मोकळी झाले. सवय जात नाही माझी.

आणि तू म्हणाली होतीस तसंच झालं. इंद्रजित मोबाइल वर धरून उठला. "आत्या, बाईंचा फोटो हाय का? बहिनीचा हाय का? आत्ताच पोस्ट टाकतो. लोकांना कळू दे." मागून कोणीतरी म्हणालं, "आन् तिकडं रोज लेकरं मरत्यात, त्यांचं काय?" दोघं एकमेकांवर धावून जायचे बाकी होते. मी मोबाइल काढून घेतला, पण माझ्या आवाजाला आता कोणी भीत नाही. तू एवढी वर्षं गप्प का राहिलीस ते मला त्या दोन मिनिटांत कळलं.

दारात धुळा बसला होता. समीक्षाचा आजा. तू तिला गणित शिकवायचीस म्हणून तो आजही तुझं नाव घेतलं की पागोट्याला हात लावतो. त्याला वाचता येत नाही, पेपर कोणी मोठ्याने वाचला तर ऐकायला येतो. तो आत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"बाई, येक इचारू?"

म्हटलं, विचार.

"पेझारकर बाईंची भन गेली, तवा आपल्यातलं कोन कोन गेलं व्हतं भेटाया?"

 त्याला वाटलं ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. "न्हाई, म्या मेंढरं घिऊन घाटाखाली व्हतो, मला कुनी सांगितलं न्हाई. पर तुमी समदी हितंच व्हता. वरच्या खोलीत कोन गेलं?"

मी म्हटलं, "धुळा, कोणी नाही."

"कुनीच न्हाई?"

"कोणीच नाही. मला माहीत नव्हतं."

 तो रागावला नव्हता. त्याला खरोखरच समजत नव्हतं. "खालीच ऱ्हाता की तुमी," एवढंच म्हणाला. मग इंद्रजितकडे वळून विचारलं, "तू गेला व्हता म्हनं. काय घिऊन गेला व्हता?"  इंद्रजितला पेढे आठवले असावेत. तो खाली बसला आणि सभा संपेपर्यंत उठला नाही.

त्यानंतर कोणी भाषण केलं नाही. बायका एकेक करून उठल्या. जाताना एकीने हळूच विचारलं, "बाईंच्यात सुतक किती दिवसांचं असतं?" मला सांगता आलं नाही. एकतीस वर्षांत मी हेही विचारलं नव्हतं.

मी राजीनामा लिहिला होता, तो फाडला. राजीनामा दिला की मी मोठी होते आणि तू पुन्हा कागदाच्या खालीच राहतेस. शेरा मी खोडलेला नाही. त्याच्याशेजारी आजची तारीख घालून लिहिलं आहे, की शेरा न वाचता मारला, खुलासा मागण्याचाच अधिकार नव्हता. गाझातल्या मुलांसाठी पुढच्या महिन्यात पुन्हा सभा आहे, ती होईल. त्याच्या आधी आपल्या टँकरवर एक ठेवली आहे. स्थानिक राजकारणाचा फलक किशोरने उतरवला. तू परत यावीस म्हणून हे सांगत नाही. परत यायचं की नाही ते तुझं तू बघ. तुझी खोली मी कोणाला दिलेली नाही आणि देणारही नाही.

येत्या रविवारी, सोळाला, मी ठाण्याला येते आहे. धुळा म्हणतो तोही येणार. पिंकी येईल. इंद्रजित गाडी काढतो म्हणाला, मी त्याला खाली गाडीतच बसवणार आहे, तू वर बोलावलंस तरच तो येईल. बरोबर काही आणणार नाही. बोलायचंही काही ठरवलेलं नाही. हन्ना कशी होती, एवढं तू सांगितलंस तर ऐकेन. नाही सांगितलंस तर नुसती बसेन. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन, मला आता गुडघ्यांचीही पर्वा नाही.

फक्त एका गोष्टीची काळजी लागली आहे. आपल्यात असं भेटायला गेल्यावर निघताना 'येते' म्हणत नाहीत. मुकाट उठायचं आणि चालू लागायचं. मिल्का, मला तुझ्या घरातून तसं निघता येणार नाही. मला 'येते' म्हणायचं आहे. तुमच्यात चालतं का?

शारदा